गुडघे फौजेत झिजले, पण बोर्डाने काय लिहिलं? संधिवात आणि सैनिकांची डिसॅबिलिटी पेन्शन

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत, साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, आणि अशा कुठल्याही गावात रिटायर होऊन आलेल्या मंडळींशी जरा वेळ बोललात की दोन विषय निघणारच, एक कॅन्टीन आणि दुसरा गुडघे. गुडघे नाहीतर कंबर, कंबर नाहीतर मान. त्यातल्या काहींना डिसॅबिलिटी पेन्शन मिळते, काहींना नाही, आणि ज्याला मिळत नाही त्याचा गुडघा बरा असतो असं अजिबात नाही. एकाच पलटणीतले, एकाच वर्षी भरती झालेले, जवळपास सारखाच एक्स-रे असलेले दोन हवालदार घ्या, एकाला दरमहा पैसे येतायत आणि दुसऱ्याच्या हातात क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र. दोघांमधला फरक बऱ्याचदा रिलीज मेडिकल बोर्डाच्या फॉर्ममधल्या एकाच रकान्यात असतो. तो रकाना कोणता, तो कसा भरला जातो आणि चुकीचा भरला गेला तर पुढे काय करता येतं, एवढंच सांगायचंय.

आधीच एक सांगून टाकतो, हे सगळं आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्सचं आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांचे नियम वेगळे, ते इथे लावू नका, गोंधळ होईल.

आता आजाराकडे. आपण सरसकट "संधिवात" म्हणतो पण क्लेमच्या दृष्टीने त्यात तीन-चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे ज्याला लोक "गादी झिजली" म्हणतात, सांध्यातली कूर्चा पातळ होत जाते, हाडावर हाड घासायला लागतं, जिना उतरताना जीव जातो. दुसरा प्रकार मार लागल्यानंतरचा, खेळताना किंवा ट्रेनिंगमध्ये लिगामेंट तुटलं, मेनिस्कस फाटलं, तेव्हा प्लास्टर नाहीतर ऑपरेशन झालं, आणि मग बऱ्याच वर्षांनी त्याच गुडघ्याला झीज सुरू झाली. तिसरा मणक्याचा, सर्व्हायकल किंवा लंबर स्पाँडिलोसिस आणि त्याचा भाऊ पीआयव्हीडी, ज्यात मणक्यातली चकती सरकून नस दबते, गावाकडे याला "मणक्यात गॅप आलाय" म्हणतात. आणि चौथा गट आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमेटॉइड आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, अँकिलोझिंगमध्ये तर एचएलए-बी२७ नावाच्या जीनशी संबंध असतो आणि तो बऱ्याचदा ऐन तारुण्यात, म्हणजे नेमका भरतीच्या पुढच्या काही वर्षांत सुरू होतो. या चारही गटांना बोर्ड वेगवेगळ्या नजरेने बघतं, त्याच्याकडे पुढे येतोच.

फौजेत शरीर झिजतं हे वेगळं सांगायला नको. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, बीपीईटी या शारीरिक चाचणीची पाच किलोमीटरची दौड पूर्ण वजनासकट, रूट मार्च, डोंगर उतरताना गुडघ्यावर येणारा झटका, पॅराशूटवाल्यांचं लँडिंग, रणगाड्यात आणि थ्री टन ट्रकमध्ये तासन् तास बसणारे धक्के, वर सियाचीन-लडाखची थंडी. पण हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून बोर्डालाही "माहीत" आहे असं समजू नका. बोर्डाला कागद लागतो.

आणि इथेच पहिली मेख आहे. जवानाला बढती हवी असते, कोर्स हवा असतो, यूएन मिशनला जायचं असतं, आणि कॅटेगरी लागली की हे सगळं अडतं. मेडिकल कॅटेगरी म्हणजे शेप पद्धत, एस म्हणजे मानसिक, एच कान, ए हातपाय, पी एकूण शारीरिक क्षमता आणि ई डोळे, सगळीकडे एक नंबर असला की माणूस शेप वन, आणि गुडघ्यासाठी ए मध्ये किंवा कंबरेसाठी पी मध्ये दोन-तीन नंबर पडला की लो मेडिकल कॅटेगरी. त्यामुळे गुडघा सुजला तरी माणूस सिक रिपोर्ट करत नाही, म्हणजे आजारी म्हणून नोंद करत नाही, एमआय रूम म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून दोन गोळ्या आणि क्रेप बँडेज घेतो, उस्तादाला सांगून दोन दिवस पीटीतून सुटका करून घेतो आणि चालू राहतो. शाबासकी मिळते, "लडका टफ है." आणि वीस वर्षांनी बोर्डासमोर बसल्यावर त्याच्या डॉक्युमेंटमध्ये गुडघ्याचा पहिला उल्लेख सापडतो तो रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधीचा, तोही पुण्यासारख्या पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी. मग बोर्ड म्हणतं, आजार सुरू झाला पीस स्टेशनमध्ये, ड्युटीशी संबंध दिसत नाही. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली ही सगळ्यात अन्यायाची गोष्ट, ज्याने कण्हत न बसता नोकरी केली त्याचाच क्लेम कच्चा.

तर रिलीज मेडिकल बोर्ड. लो मेडिकल कॅटेगरीत असलेला माणूस रिटायर व्हायच्या आधी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचं एक बोर्ड बसतं, एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म भरला जातो. त्यात खूप पानं असतात पण पेन्शनचा निकाल ठरतो तो दोन प्रश्नांवर. एक, अपंगत्व किती टक्के. दोन, ते सर्व्हिसमुळे झालं का, किंवा सर्व्हिसमुळे वाढलं का. टक्के २० किंवा जास्त पाहिजेत आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो पाहिजे. दोन्ही दारं उघडी असतील तरच आत प्रवेश, एक बंद तर संपलं.

दुसऱ्या प्रश्नात फॉर्मवर दोन शब्द असतात, ॲट्रिब्युटेबल आणि ॲग्रॅव्हेटेड. ॲट्रिब्युटेबल म्हणजे आजाराचं कारणच नोकरी. ऑब्स्टॅकल कोर्सवर उडी मारताना गुडघा फिरला, लिगामेंट गेलं, पुढे त्याच गुडघ्याला ऑस्टिओआर्थरायटिस झाला, हे सरळ सरळ ॲट्रिब्युटेबल. ॲग्रॅव्हेटेड म्हणजे आजार नोकरीने दिला नसेल, वयाने दिला असेल, घराण्यातून आला असेल, पण नोकरीच्या परिस्थितीने तो वाढवला किंवा लवकर आणला. पैशाच्या हिशेबाने दोन्ही सारखेच, डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग, तेवढाच मिळतो. म्हणून "मला ॲट्रिब्युटेबलच पाहिजे" असा हट्ट धरणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की ॲग्रॅव्हेटेड मिळालं तरी काम झालं. आणि तिसरी शक्यता म्हणजे दोन्ही नाही, ज्याला फौजी लोक शॉर्टमध्ये नाना म्हणतात, नाइदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड. बोर्डाने नाना लिहिलं की पुढचं टक्क्यांचं गणित ८० असो की १००, डिसॅबिलिटी एलिमेंट शून्य.

आता गंमत बघा. ही पेन्शन कोणाला द्यायची ते ठरवणाऱ्या १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सना जोडलेली एक यादी आहे, कोणते आजार फौजेतल्या कोणत्या परिस्थितीमुळे होतात किंवा वाढतात त्याची. त्यात हवामानामुळे बिघडणाऱ्या आजारांत ऱ्हुमॅटिझम, आर्थरायटिस, लंबॅगो म्हणजे कंबरदुखी अशी नावं सरळ लिहिलेली आहेत. आणि ट्रेनिंग, मार्चिंग, फार वेळ उभं राहणं यामुळे बिघडणाऱ्या आजारांच्या गटात मणक्याचा आणि सांध्यांचा ऑस्टिओआर्थरायटिस आहे, गुडघ्याच्या आतल्या बिघाडाचं नावही आहे. म्हणजे सरकारनेच कधीतरी मान्य करून ठेवलंय की मार्चिंगने सांधे जातात. तरीही बोर्डांनी वर्षानुवर्षं याच आजारांवर नाना लिहिलं, कारण दिलं तर एका ओळीचं, "कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर", म्हणजे माणसाच्या शरीराच्या घडणीतूनच आलेला आजार, बस. कुठला पुरावा, कुठली तपासणी, काही नाही.

हे एका ओळीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात जाऊन आपटलं ते धर्मवीर सिंग केसमध्ये, २ जुलै २०१३ चा निकाल. केस संधिवाताची नव्हती, सिग्नल्समधल्या एका जवानाला फिट येत होत्या, नऊएक वर्षांच्या नोकरीनंतर त्याला बोर्ड आउट केलं, म्हणजे आजारामुळे मधेच नोकरीतून काढलं, २० टक्के धरले आणि पेन्शन नाकारली. पण कोर्टाने जे सांगितलं ते सगळ्याच आजारांना लागू पडतं. भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये कुठलाही आजार नोंदवलेला नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. नंतर तब्येत बिघडली आणि त्यामुळे तो बाहेर पडला तर ते नोकरीमुळेच असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही, शंका असेल तर तिचा फायदा जवानाला. आणि भरतीच्या वेळी हा आजार सापडणं शक्यच नव्हतं असं म्हणायचं असेल तर बोर्डाने त्याची कारणं लिहून दिली पाहिजेत. आज कुठल्याही वकिलाचा अर्ज उघडा, धर्मवीर सिंग नाव पहिल्या दोन-तीन पानांत असणारच.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. हे सगळं १९८२ च्या रूल्सच्या जोरावर होतं, २००८ ला नवीन एन्टायटलमेंट रूल्स आले आणि त्यात भाषा कडक केली, नुसतं नोकरीत असताना आजार झाला एवढ्याने तो नोकरीमुळे झाला असं होत नाही, संबंध दिसला पाहिजे. तरी सैनिकांच्या केसेस बघणारं ट्रिब्युनल आणि हायकोर्टांनी बऱ्याच केसेसमध्ये, बोर्डाने कारणं दिलीच पाहिजेत हा मुद्दा धरून ठेवला. मग २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवीन रूल्स लागू झाले. त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी शब्दच बदलले, जो माणूस पूर्ण नोकरी करून लो मेडिकल कॅटेगरीत रिटायर होतो त्याला मिळणाऱ्या पैशाला आता इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात. यामागे एक वादही होता, कॅगच्या रिपोर्टमध्ये ऑफिसर लोकांत डिसॅबिलिटी घेऊन रिटायर होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा जास्त असल्यावर बोट ठेवलं गेलं होतं, बीपी-शुगरसारख्या आजारांवर पेन्शन का द्यायची अशी चर्चा झाली. चर्चा करायला हरकत नाही, पण खुर्चीतल्या माणसाच्या बीपीचा राग पायदळातल्या माणसाच्या गुडघ्यावर निघू नये एवढंच. असो. म्हणून कोणाचीही केस बघताना पहिला प्रश्न हा विचारायचा, बाहेर कधी पडलात? २००८ च्या आधी, २००८ ते सप्टेंबर २०२३, की त्यानंतर. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेलं दुसऱ्याच काळाचं असतं आणि माणूस उगाच आशेवर बसतो.

आता मघाशी सांगितलेले चार गट.

मार लागल्यानंतरचा आर्थरायटिस सगळ्यात भक्कम, पण त्यावेळचा इंज्युरी रिपोर्ट पाहिजे, फौजेत त्याला आयएएफवाय-२००६ म्हणतात. दुखापत ड्युटीवर झाली की नाही हे त्यात सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या सहीने लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं खेळताना लागलं म्हणजे ड्युटी नाही, तसं नाहीये, युनिटने ठरवलेली पीटी, परेड, ऑर्गनाइझ्ड गेम्स हे ड्युटीतच धरतात. सुट्टीवर असताना मोटरसायकलवरून पडलात किंवा शेतात ट्रॅक्टरवरून, तर मात्र नोकरीशी काहीतरी संबंध दाखवावा लागतो आणि तो बहुतेक वेळा दाखवता येत नाही, तिथे फार आशा ठेवू नका.

झिजेचा ऑस्टिओआर्थरायटिस आणि स्पाँडिलोसिस यात सगळा खेळ पोस्टिंगचा. बोर्ड दोन गोष्टी बघतं, त्रास कधी आणि कुठे सुरू झाला आणि त्यानंतर माणूस कुठे कुठे राहिला. फील्ड म्हणजे सीमेकडचा भाग, हाय अल्टिट्यूड म्हणजे उंच डोंगर, काउंटर इन्सर्जन्सी म्हणजे दहशतवादविरोधी मोहिमा, या ठिकाणी त्रास सुरू झाला किंवा कॅटेगरी लागल्यावरही तिथे पाठवलं तर ॲग्रॅव्हेटेड मिळण्याची शक्यता खूप वाढते. पीस स्टेशनला सुरू झाला की नाना. यावर कोर्टांनी अनेकदा सुनावलंय की पीस स्टेशनला काय जवान झोपा काढतो का, ट्रेनिंग, गार्ड ड्युटी, दौड सगळं तिथेही असतं, पण बोर्डांची सवय सहज जात नाही. शिवाय साधं गणित आहे, गादी काही एका महिन्यात झिजत नाही, पुण्यात एक्स-रे काढला म्हणून झीज पुण्यात झाली असं कसं म्हणणार? त्याआधीची दहा वर्षं राजौरी, तंगधार, द्रास फिरून काढलीत ती कुठे गेली? हा मुद्दा अपीलमध्ये तारखांसकट मांडायचा, नुसतं "मी खूप कष्ट केले" लिहून कोणी वाचत नाही.

आमवात आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, इथे बोर्ड लगेच जीनकडे बोट दाखवतं. खरंय, जीनचा भाग आहे. पण तो जीन असलेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही हेही वैद्यकशास्त्र सांगतं, म्हणून इथे ॲट्रिब्युटेबलच्या मागे न लागता ॲग्रॅव्हेशनवर भर द्यावा, निदान झाल्यावर थंडीत ठेवलं का, जड काम दिलं का, औषध आणि फॉलो-अप वेळेवर मिळण्यासारखी जागा होती का. गाउट म्हणजे युरिक ॲसिडवाला प्रकार, तो क्लेम अवघडच, त्यावर जास्त लिहीत नाही.

टक्क्यांचं सांगतो. बोर्ड सांधा किती वाकतो, सूज, एक्स-रे, एमआरआय, चालणं हे बघून टक्के देतं, आणि गुडघा-कंबरेच्या या केसेसमध्ये २० हा आकडा फार वेळा दिसतो. दोन आजार असतील, समजा गुडघा २० आणि मान २०, तर बेरीज ४० धरतीलच असं नाही, कॉम्पोझिट म्हणून एकत्र असेसमेंट करतात आणि ती बेरजेपेक्षा कमी येऊ शकते. आणि त्यात एक ॲग्रॅव्हेटेड आणि एक नाना असेल तर नानावाल्याचे टक्के पेन्शनसाठी धरत नाहीत. २० च्या खाली लिहिलं तर पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्याला डिसॅबिलिटी एलिमेंट नाही. पण ज्याला आजारामुळे मधेच बोर्ड आउट केलं त्याच्याबाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१४ ला सुखविंदर सिंग केसमध्ये म्हटलं की जो आजार माणसाला नोकरीतून काढण्याइतका मोठा आहे तो २० टक्क्यांपेक्षा कमी कसा असेल? लॉजिक पटण्यासारखं आहे.

मग येतं राउंडिंग, ज्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात आणि जे न कळल्यामुळे कित्येक जुन्या लोकांचे पैसे राहून गेलेत. ३१ जानेवारी २००१ च्या डिफेन्स मिनिस्ट्रीच्या पत्राने ठरलं की अपंगत्व ५० च्या खाली असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ च्या मधे असेल तर ७५, आणि ७६ ते १०० असेल तर १००. पण हे दिलं फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, पूर्ण नोकरी करून आलेल्यांना नाही. म्हणजे २० टक्केवाला बोर्ड आउट होऊन आला तर ५० चे पैसे आणि तोच गुडघा घेऊन पूर्ण नोकरी करून आला तर २० चेच, जास्त वर्षं झिजल्याची ही शिक्षा. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हा भेद मान्य केला नाही, रिटायर झालेल्यांनाही राउंडिंग मिळू लागलं.

आकड्यात बघू. डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्क्यांसाठी शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं, इथे पगार म्हणजे बेसिक, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून, भत्ते सोडून. समजा एका हवालदाराचा असा शेवटचा पगार ४५,००० आहे. १०० टक्क्यांना १३,५०० होतात. २० टक्क्यांना २,७००. राउंडिंग होऊन ५० झाले तर ६,७५०. महिन्याला ४,०५० चा फरक, वर महागाई भत्ता वेगळा, आणि हे त्याच्या नेहमीच्या सर्व्हिस पेन्शनच्या वर. गावाकडे एवढ्यात घरातल्या म्हाताऱ्यांची औषधं आणि लाइट बिल निघतं. बोर्ड आउट झालेल्याची गोष्ट आणखी वेगळी, त्याची पेन्शन मिळण्याइतकी १५ वर्षं बऱ्याचदा भरलेली नसतात, पण अपंगत्व नोकरीमुळे मान्य झालं तर त्याला डिसॅबिलिटी एलिमेंटबरोबर सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे केलेल्या नोकरीचा भागही मिळतो, म्हणजे त्याच्यासाठी तो रकाना म्हणजे पेन्शन आहे की नाही एवढा मोठा प्रश्न असतो.

स्वतःच्या विनंतीवरून लवकर बाहेर पडलेल्यांना पूर्वी हे मिळत नव्हतं, १ जानेवारी २००६ ला किंवा नंतर नोकरीत असलेल्यांना सरकारने २००९ मध्ये पत्र काढून दार उघडलं.

जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी आता खरं महत्त्वाचं. दुखलं तर सिक रिपोर्ट करा आणि एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते बघा, "जॉइंट पेन" लिहिलं की कोणता सांधा, कधीपासून, काय करताना हेही लिहायला लावा. मार लागला तर इंज्युरी रिपोर्ट तेव्हाच, "नंतर बघू" नाही, सीओ बदलतो, साक्षीदार पोस्टिंगवर जातात, कोणाला काही आठवत नाही. प्रत्येक कॅटेगरी बोर्डाची कॉपी, एक्स-रे, एमआरआय, ॲडमिशन-डिस्चार्ज स्लिप घरी एका फाइलमध्ये, फोटो काढून फोनमध्येही.

आणि रिलीज बोर्डाच्या फॉर्मचा पहिला भाग तुमच्या स्वतःच्या निवेदनाचा असतो. कुठून कुठे पोस्टिंग, पीस की फील्ड, आजार कधी कुठे सुरू झाला, नोकरीतल्या कोणत्या गोष्टीमुळे झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं. हा भाग लोक घाईत भरतात, कधी क्लार्क भरतो आणि माणूस फक्त सही करतो, "कशामुळे वाढला" इथे सरळ "निल" लिहिलेलं असतं. बाबांनो, तिथे निल लिहिलंत तर बोर्डाने नाना लिहिलं म्हणून नंतर कोणाच्या नावाने ओरडणार? तिथे साध्या भाषेत लिहा, अमुक साली अमुक ठिकाणी पेट्रोलिंगवरून उतरताना गुडघा पहिल्यांदा सुजला, एमआय रूमला दाखवलं, त्यानंतर अमुक दोन फील्ड टेन्युअर केले. पोस्टिंगचा तक्ता स्वतः तपासा, फील्डच्या जागी चुकून पीसचा पी पडला असेल तर सहीच्या आधी दुरुस्त करून घ्या. ऑपरेशन केलं तर बरं होईल असं डॉक्टर म्हणत असतील आणि तुम्ही नाही म्हणत असाल तर तेही फॉर्ममध्ये येतं, म्हणून नाही का म्हणताय याचं कारण नीट नोंदवून घ्या.

क्लेम नामंजूर झाला तर रस्ता असा आहे. नामंजुरीचं पत्र तुमच्या रेकॉर्ड ऑफिसकडून येतं, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगाव, महारवाल्यांचं मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. त्यातली तारीख महत्त्वाची, पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. ते फेटाळलं तर दुसरं अपील. आणि तेही फेटाळलं किंवा उत्तरच आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, २००७ च्या कायद्याने झालेलं, आपल्यासाठी मुंबई बेंच. अपील लिहायच्या आधी बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग्ज मागवा, मिळत नसतील तर आरटीआय टाका, कारण बोर्डाने नाना लिहिताना नेमकं काय कारण दिलंय ते हातात नसताना अपील करणं म्हणजे अंधारात गोळीबार. जुने कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून हे लवकर करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते, माणसावर अवलंबून आहे म्हणा, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि "तीस टक्के द्या, मी करून देतो" म्हणणारे दलाल प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, बँक पासबुक आणि स्पर्श या पेन्शन पोर्टलचा पासवर्ड देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

खूप वर्षं उलटली असतील तर? दरमहा मिळायला हवी होती ती पेन्शन मिळत नाही म्हणजे दर महिन्याला नव्याने अन्याय होतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही. पण २००८ च्या तर्सेम सिंग निकालानंतर मागची थकबाकी बऱ्याच केसेसमध्ये केस टाकल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली गेली. वरच्याच हवालदाराचं फक्त राउंडिंग राहिलं असेल तर ४,०५० गुणिले ३६, म्हणजे १,४५,८०० आणि वर महागाई भत्ता. दहा वर्षं गप्प बसला असेल तर या हिशेबाने त्याची सात वर्षं गेली.

रिटायर होताना शेप वन होतो आणि गुडघा नंतर गेला, असंही बरेच जण विचारतात. नियमात त्यालाही जागा आहे, ठराविक वर्षांच्या आत आजार दिसला आणि त्याची सुरुवात नोकरीतल्या परिस्थितीतच झाली होती हे वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आलं तर. कागदावर जागा आहे, प्रत्यक्षात पुरावा उभा करणं फार जड जातं, नोकरीतला एखादा जुना एक्स-रे किंवा ॲडमिशन सापडलं तरच हात घालावा असं माझं मत. उपचारांचं म्हणाल तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, वेगळी आहे, तिथे गुडघा बदलायचं ऑपरेशन होतं, त्यासाठी डिसॅबिलिटी पेन्शन असण्याची गरज नाही, दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळू नका.

शेवटचा मुद्दा अग्निवीरांचा, कारण आता गावातून जाणारी पोरं तीच आहेत. त्यांना ही पेन्शन नाही. नोकरीमुळे किंवा नोकरीने वाढलेल्या अपंगत्वासाठी एकरकमी पैसे आहेत, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. रक्कम मोठी वाटते, पण एका पायाचा कायमचा प्रश्न घेऊन पंचविशीच्या आत घरी आलेल्या पोराला पुढची चाळीस वर्षं दरमहा काही येणार नाही. आणि त्याच्याही बाबतीत प्रश्न तोच असणार, नोकरीमुळे झालं का. चार वर्षांत कॅटेगरी लागली तर पुढे ठेवणार नाहीत या भीतीने ही पोरं जुन्या जवानांपेक्षाही कमी सिक रिपोर्ट करतील असं मला वाटतं, म्हणून घरात कोणी अग्निवीर असेल तर सुट्टीवर आल्यावर त्याला एवढं विचारा की कुठे लागलंय का, आणि लागलं असेल तर इंज्युरी रिपोर्ट केला का.